माश्यांचा अभ्यास करून पोट भरेल का?

निकालांचे दिवस आले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकाच प्रश्नाची रांग लागते. मुलाला किंवा मुलीला आडवळणाचा विषय आवडलेला असतो. कुणाला पक्षी, कुणाला शिलालेख, कुणाला जुनी नाणी. आईवडील खुर्चीवर टेकण्याआधीच विचारतात, "आवड ठीक आहे हो, पण पोट भरेल का?" ग्वाल्हेरमधल्या मराठी घरांतून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यातल्या एका घराबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. त्यांच्या परवानगीनं, नाव आणि खुणा बदलून.

मुक्ता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर, वडील विमा कंपनीत विकास अधिकारी, आई शाळेत शिक्षिका. मुक्ताला मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवर संशोधन करायचं होतं. "हिला जरा समजवा," एवढंच सांगून वडिलांनी तिला माझ्यासमोर बसवलं.

मी कुणाला समजावत नाही. बरीच वर्षं मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांनी काम करते: माणूस परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दल मनात घोकलेल्या वाक्यानं जास्त हैराण होतो. म्हणून मला आधी ते वाक्य हवं असतं. ते शोधताना मी मुलांना त्यांची आवड सुरू कुठून झाली ते विचारते, आणि आईवडिलांना फक्त ऐकायला सांगते.

मुक्ता म्हणाली, "आमच्या व्हरांड्यात कुंभारीण गांधीलमाशी मातीचं घर बांधायची. आठवीत असताना मी एक फोडून पाहिलं. आत बारके कोळी भरलेले होते. मेलेले नव्हते, पण हलत नव्हते."

"म्हणजे?"

"ती नांगी मारून त्यांना लुळं करते. मारून टाकले तर ते सडतील ना. मग त्यांच्यावर एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळी बाहेर आली की तिला ताजं खाणं तयार."

आई तिच्याकडे बघतच राहिल्या. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू झाडू घेऊनच यायचीस, आई."

वडील मात्र गप्प होते. मग एकदम हिंदीत बोलले. रागावलं किंवा घाबरलं की आपल्याकडची माणसं हिंदीत जातात. "मैडम, आखिर करेगी क्या?" त्यामागोमाग सगळंच आलं. नोकरी कुठं, पगार किती, लग्न कधी, रानात एकटी फिरणार का, माश्या चावल्या तर. शेवटच्या प्रश्नाला मुक्तानं लगेच उत्तर दिलं: नर माश्यांना नांगी नसते, एकट्यानं राहणाऱ्या गांधीलमाश्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, जपायचं ते आग्या मोहोळाला, आणि ॲलर्जी असेल तर औषध जवळ ठेवायचं. बाकीच्या प्रश्नांना ती मान खाली घालून बसली.

अशी मान खाली गेली की मोठ्यांना वाटतं, मुलानं विचारच केलेला नाही. बहुतेक वेळा तसं नसतं. पाच भीती एका दमात अंगावर आल्या की उत्तर देणारा गोंधळतो.

पुढच्या भेटींत मी वडिलांशी एकट्याशी बोलले. ते सुरुवातीला आकडेच मागत होते. मी दिले, तरी समाधान होईना. एक आकडा मिळाला की दुसरी शंका उभी. तेव्हा मी विचारलं, "नेमकं काय ऐकलं की तुम्हाला रात्री झोप लागेल?"

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हिचं नक्की होईल, असं कुणीतरी सांगावं."

ते वाक्य हाती आलं. चिंतेच्या तळाशी होती ती खात्रीची मागणी, आणि ती कुठलाही आकडा पुरी करू शकत नव्हता.

मी म्हणाले, "तुम्ही पॉलिसी देताना ग्राहकाला काय सांगता? तुम्हाला काही होणार नाही, असं?"

"छे! असं कसं सांगणार?"

"मग?"

"काही झालं तर घर उघड्यावर पडू नये, याची तरतूद करून देतो." एवढं बोलून ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे हिच्यासाठीही तरतूदच करायची. हमी मागायची नाही."

मी त्यात एक शब्दही घातला नाही. इतक्या वर्षांत माझी एका गोष्टीवर श्रद्धा बसली आहे: माणूस रोज ज्या कामात मुरलेला असतो, त्याच कामात त्याच्या भीतीवरचा उतारा पडलेला असतो. तो त्याच्या हाती लागेपर्यंत धीर धरणं, हे माझं काम. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे सांगायला संकोच वाटत नाही.

तिथून पुढं काम सोपं झालं. 'पोट भरेल का' याची बापलेकीनं उत्तरं काढता येतील अशा प्रश्नांत फोड केली. कुठल्या वाटेनं जायचं? कृषी विद्यापीठ आपल्याच गावात आहे, पण कीटकशास्त्राच्या एम.एस्सी.ला तिथं सहसा कृषीची पदवी मागतात. म्हणून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. आणि मग सीएसआयआरची नेट, म्हणजे संशोधन आणि प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. खर्चाचं काय? त्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. पीएच.डी.च्या काळात घरून पैसे मागावे लागत नाहीत, हे वडिलांना माहीतच नव्हतं. काम कुठं मिळेल? भारतीय प्राणी सर्वेक्षण, बंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो, पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था, जबलपूरची वन संशोधन संस्था, विद्यापीठं, आणि ट्रायकोकार्डसारखी (किडींची अंडी खाणाऱ्या इवल्या गांधीलमाश्यांची कार्डं) जैविक कीडनियंत्रणाची साधनं बनवणाऱ्या प्रयोगशाळा. जागा थोड्या आणि जाहिराती उशिरा निघतात, हेही त्याच कागदावर लिहिलं. ते लपवलं असतं तर तरतूद कशाची करणार?

गांधीलमाशी कुणाच्या उपयोगाची, या आईच्या प्रश्नावर मुक्तानं पपईचं उदाहरण दिलं. २००८ मध्ये तमिळनाडूत पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आला, बागा गेल्या. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून आणलेल्या इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्या सोडल्या आणि कीड आटोक्यात आली. प्रा. राघवेंद्र गदगकरांबद्दलही तिनं सांगितलं. त्यांची पीएच.डी. रेणवीय जीवशास्त्रातली, पण कारकीर्द घडली ती बंगळुरूत राहून एका साध्या भारतीय गांधीलमाशीच्या वसाहतींचं निरीक्षण करण्यात.

मी त्यांना आणखी एक काम दिलं. सरसों फुलली की दोघांनी मुरैन्याकडे जायचं, मधाच्या पेट्या ठेवणाऱ्याला भेटायचं, आणि वडिलांनी त्यांच्या धंद्याचे प्रश्न विचारायचे. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "नुकसान किस-किस से होता है?" पेटीवाल्यानं माइट नावाचे बारीक परजीवी, मेणकिडा, फुलोऱ्यात होणारी फवारणी, सगळं सांगितलं. मग त्यानं माश्यांना चिकटणाऱ्या लालसर किड्यांबद्दल विचारलं आणि मुक्ता चौकट हातात घेऊन त्याला समजावत बसली. "तो माणूस हिला 'मैडम जी' म्हणत होता," वडील मला नंतर दोनदा म्हणाले.

मुक्ता आता एम.एस्सी. करते आहे. नेटसाठी किती वेळा बसायचं आणि कुठल्या वयापर्यंत थांबायचं, हे ठरलेलं आहे. तोवर जमलं नाही तर बी.एड. किंवा जैविक नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत नोकरी. हा दुसरा रस्ता तिनं स्वतः निवडला. आईवडिलांनी लादला असता तर तिला ती हार वाटली असती.

असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना मी आता फोनवरच सांगते, येताना दोन कागद आणा. एकावर तुमच्या सगळ्या भीती, एका ओळीत एकच. दुसऱ्यावर मुलानं स्वतः शोधलेलं: हे काम करणाऱ्या निदान दोन माणसांशी बोलून त्यांचा दिवस कसा जातो, पैसे कुठून येतात, शिकायला किती वर्षं लागली. लग्नाची काळजी असेल तर तीही पहिल्या कागदावर मोकळेपणानं लिहा, पगाराच्या काळजीत मिसळू नका. आणि मुलाला आणायच्या आधी एका संध्याकाळी त्याला त्याचा विषय सांगायला लावा, मधे न बोलता.