टुरिस्ट व्हिसा संपून दीड वर्ष झालं, आता भावाने अमेरिकन नागरिक मुलीशी लग्न केलंय. ग्रीन कार्ड मिळेल का?
मिळू शकतं. रीतसर विमानतळावरून आत आला असेल, तर नागरिकाच्या नवऱ्याला मुदत उलटणं सहसा आड येत नाही. बायकोने आय-१३० (नवऱ्यासाठीचा नातेवाईक अर्ज) भरायचा, त्याच पाकिटात त्याचा आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) आणि कामाच्या परवान्यासाठी आय-७६५. आधी आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत शिरतानाच्या सरकारी नोंदीची, प्रिंट शोधा. रीतसर प्रवेशाचा मुख्य पुरावा तोच. परवाना येईपर्यंत ओळखीच्या पेट्रोल पंपावर रोखीतसुद्धा काम नको.

आणि आईची आठवण आली म्हणून आत्ता साताऱ्याला धावायचं नाही! वर्षाहून जास्त बेकायदा राहून देश सोडला की १० वर्षं प्रवेशबंदी. बायको नुसती ग्रीन कार्डवाली असती, तर हे गणितच बसलं नसतं. मुलाखतीला घरभाड्याचा करार, जॉइंट खात्याची स्टेटमेंटं न्या. नुसता लग्नाचा अल्बम पुरत नाही. लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर पहिलं कार्ड २ वर्षांचंच मिळतं.