'सेमी पैठणी' शोधणारीला कोणती जाहिरात दाखवाल?

प्रश्न : मुलगी बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बी.एड. कर म्हटलं तर ऐकत नाही, गूगलवरच्या जाहिरातींचं काम शिकायचं म्हणते. क्लासची फी ४० हजार. मराठी घेतलेल्या मुलीला हे जमेल का? – एक पालक, लातूर

उत्तर : जमेल. मराठी घेतलंय म्हणून जरा जास्तच जमेल, कारण हे काम शब्दांचंच आहे.

समजा, येवल्यातल्या हातमागाच्या पैठणीच्या दुकानाचं काम तिच्याकडे आलं. एक बाई गूगलवर 'येवला पैठणी किंमत' शोधतात, दुसऱ्या 'सेमी पैठणी', तिसऱ्या 'पैठणी घरी कशी धुवावी'. 'पैठणी' हा शब्द तिन्हीकडे आहे, पण गिऱ्हाईक पहिल्याच. दुसऱ्यांना स्वस्तातली साडी हवी, तिसऱ्यांकडे ती आधीच आहे. तिघींनीही जाहिरातीवर क्लिक केलं तर तिन्ही वेळा पैसे दुकानदाराचेच जाणार. म्हणून 'सेमी', 'धुवावी' हे शब्द 'निगेटिव्ह कीवर्ड' म्हणून अडवायचे, म्हणजे ते शब्द टाकून शोधणाऱ्यांना जाहिरात दिसत नाही. पहिल्या बाईंना हेडलाइनमध्येच किंमत दिसली पाहिजे, आणि क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावरही. गूगल १ ते १० असा 'क्वालिटी स्कोअर' देतं, त्यात शोधलेले शब्द, जाहिरात आणि पान यांची ही जुळणी बघितली जाते.

एका जाहिरातीसाठी १५ पर्यंत हेडलाइन देता येतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३० कॅरेक्टर, मधली मोकळी जागा धरून. त्यातल्या कुठल्या कोणाला दाखवायच्या हे गूगलची यंत्रणा ठरवते. ओव्या-अभंग वाचलेल्या मुलीला एवढ्या जागेची अडचण वाटू नये!

अडचण वेगळीच येईल. लोकांनी नेमकं काय टाइप केलं याचा 'सर्च टर्म्स रिपोर्ट' सतत चाळावा लागतो, क्लिक आणि खर्चाचे आकडे एक्सेलमध्ये मांडावे लागतात. आकड्यांचा कंटाळा असेल तर हे काम तिचं नाही. नुसत्या मराठीवरही भागत नाही. हिंदी-इंग्रजी लागतंच, शिवाय पुष्कळ लोक मराठीसुद्धा रोमन लिपीत टाइप करतात आणि एकाच शब्दाची चार स्पेलिंगं करतात.

फी मात्र आत्ता भरू नका. 'शंभर टक्के नोकरी' असं लिहिलेलं असेल तर मुळीच नको. गूगलच्या 'स्किलशॉप'वर सर्च जाहिरातींचा अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र फुकट मिळतं, ते आधी करू दे. मग ओळखीच्या एखाद्या दुकानदाराची जाहिरात रोज २०० रुपये घालून १५ दिवस चालवू दे. तीन हजार तुम्ही द्या. शेवटी तिला रिपोर्ट उघडायला सांगा आणि कोणते शब्द अडवले, का अडवले, ते विचारा. ती काय म्हणाली ते मला कळवा, क्लासचं तेव्हा बघू.