चित्र रंगवायला पहिली भिंत मिळालीये ना? मग हे वाच

अरे मस्त! पण लगेच ब्रश उचलू नको. आधी सकाळ-संध्याकाळ तिथे नुसता जाऊन उभा राहा, ऊन कुठून येतं, कोण बसतं, चहावाला, कपडे वाळत घालणाऱ्या काकू, शाळेची पोरं, सगळ्यांशी गप्पा मार, कारण तू घरी गेल्यावर ती भिंत रोज त्यांनाच बघायचीये.

आणि ओल! ओल असेल तर डिझाइन कितीही भारी असो, रंगाचे पापुद्रे सुटणारच. आधी गळती बंद करून घे, भिंत सुकू दे, सुटा रंग खरवड, प्रायमर म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात मार, मगच एक्सटीरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतींचा रंग. ग्रिडसाठी, म्हणजे चित्र भिंतीवर मोठं करून उतरवायच्या चौकटींसाठी, रंग लावलेलं सूत ताणून फटका मारायचा, गवंडी मारतात तसा, प्रोजेक्टर वगैरे नंतर.

स्टाइलचं म्हणशील तर आजकाल कुठलीही भिंत दिली की लोक वारली काढून मोकळे होतात, तारपा वाद्याभोवतीचा नाच काढला की झालं. वारल्यांच्या लग्नात भिंतीवरचा देवचौक, म्हणजे देवीचा चौकोन, तांदळाच्या पिठाने सुवासिनी काढायच्या, त्यात पालघट ही सुफलतेची देवी असते, हे किती जणांना माहितीये? जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर, कॅनव्हासवर नेली, २०११ ला पद्मश्री मिळाली, त्यांचं काम नीट बघ, मासेमारीचं जाळं तर बघच, बारीक रेघांनी अख्खा कागद भरलेला. पण कॉपी नको, तुझ्या गल्लीत काय आहे ते काढ ना.

उरलेला रंग छोट्या डब्यात भरून, शेडचा नंबर लिहून चहावाल्याकडे ठेव, पावसाळ्यानंतर टचअपला लागतोच.