झोपेत दात खातोस आणि अलाइनर लावतोयस?

अलाइनर म्हणजे दात सरळ करायला एकामागून एक लावायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. पहिलं म्हणजे, झोपेत दात खायची सवय डॉक्टरांना आधीच सांग. मला कोणी विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही, आणि चौथ्याच ट्रेला दाढेपाशी भोक पडलं. सकाळी जिभेला खरखरीत कड लागली तेव्हा कळलं. असं झालं तर स्वतःच्या मनाने पुढचा ट्रे चढवू नकोस, फोन कर. आधीचा ट्रे डबीत जपून ठेव, अशा वेळी तोच कामी येतो.

जुना नाइट गार्ड (रात्री दात झिजू नयेत म्हणून दातांवर घालायचं कवच) आता विसर. दात सरकले की तो बसत नाही, आणि अलाइनरवर तर चढवायचाच नाही. रात्री दातांऐवजी प्लास्टिक घासलं जातं, तेवढी झीज वाचते. सवय मात्र मोडत नाही. सकाळी जबडा आखडलेला किंवा कानशिलं ठणकत असतील तर तेही सांग.

दिवसाचे 20 ते 22 तास ट्रे तोंडात, म्हणजे चहा बेतानेच. गरम चहाने ट्रे वाकतो, त्यामुळे काढूनच प्यायचा. (माझे चार कप दोनवर आले, घरचे खूश.)

शेवटी रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर ठेवणारा साचा) घेताना या सवयीची पुन्हा आठवण करून दे. पातळ रिटेनर आपल्यासारख्यांकडे फार टिकत नाही.