ओला कागद, कोरडे महिने

जलरंगाबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. त्याच आशयाची पत्रं वरचेवर येतात, आणि प्रत्येक वेळी मी त्यांचं उत्तर पुढच्या अंकावर ढकलत आले.

प्रश्न : ताई, मी अकरा वर्षं जलरंगात काम करते आहे. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात पावसाने भिजलेल्या रस्त्यांची माझी बावीस चित्रं होती. त्यातली सतरा विकली गेली, लोकांनी भरभरून कौतुक केलं. त्यानंतर आठ महिने झाले, एकही चित्र जमलेलं नाही. रंगांचा चिखल होतो, नाहीतर ते इतके जपून लावलेले दिसतात की बघवत नाही. चाळीसेक कागद फाडून टाकले. हल्ली टेबलाशी बसते, ब्रश धुते आणि उठते. माझ्यातलं काही संपलं का?

उत्तर : नाही, संपलेलं नाही. तुम्हाला धीर द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. रंग "जपून लावलेले दिसतात" हे तुमचं तुम्हालाच दिसतं आहे. डोळा शाबूत आहे. हात अवघडला आहे.

या वाटेने मी गेले आहे. माझ्या दुसऱ्या प्रदर्शनात पडद्याआडून येणाऱ्या उजेडाची चित्रं होती आणि ती लोकांना फार आवडली. पुढचं वर्षभर मी खिडकी आणि पडदाच रंगवत राहिले. फरक एवढाच, की आधी मी उजेडाकडे बघत होते आणि आता माझ्याच जुन्या चित्रांकडे. कागदावर पहिलं पाणी पडायच्या आत मनात ठरलेलं असायचं, की हे अमक्या चित्रासारखं व्हायला हवं. तेलरंगात असं मनात धरूनही निभावतं. खरवडता येतं, वरून झाकता येतं. जलरंगात पाणी कुठे थांबेल हे थोडंफार पाण्यावर सोडावं लागतं, आणि जुनं चित्र डोक्यात घेऊन बसलेला माणूस पाण्याला तेवढी मोकळीक देत नाही. वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, वाळायच्या आत तो पुन्हा त्यात ब्रश घालतो. तुमचा चिखल बहुतेक याच क्षणी होत असणार. अर्धवट ओल्या रंगात दुसरा ब्रश फिरला की बसत आलेले रंगकण उचकटतात, एकमेकांत मिसळतात आणि सगळं करडं होतं. रंग कसे मिसळावेत हे तुम्ही विसरला नाहीत. तुमचं थांबणं सुटलं आहे.

आता कागदाबद्दल. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून सांगते. त्याच वर्षी माझी ओळीने चौदा चित्रं बिघडली. सपाट वॉश ओढला की त्यात गडद ठिपके उमटायचे, रंग पसरायच्या आत आत मुरायचा, कड मऊ करायला गेले की ती तिथेच घट्ट बसलेली असायची. मी स्वतःला दोष देत राहिले. रात्री झोप लागेना. नंतर एका जुन्या मैत्रिणीने माझ्या गठ्ठ्यातल्या एका कागदावर पाण्याचा थेंब सोडला, तर तो टिपकागदावर जिरावा तसा जिरला. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनची किंवा तशाच दुसऱ्या पदार्थाची खळ दिलेली असते. तिच्यामुळे रंग वर थांबतो आणि आपल्याला त्याच्याशी काही करायला वेळ मिळतो. माझा ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागद दोन वर्षं दमट कपाटात पडून होता आणि त्याची खळ गेलेली होती. चौदा चित्रं आणि कितीतरी रात्री मी कागदाच्या दोषापायी घालवल्या. तुमचा गठ्ठा कधीचा आहे? आज एका कोपऱ्यावर थेंब सोडून बघा. काही वेळ तो फुगीर उभा राहिला तर कागद ठीक आहे. लगेच डाग पडून आत गेला, तर त्या चाळीसपैकी काही चित्रांचा दोष तुमच्याकडे नव्हता.

नवा कागद आणल्यावर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ठिपके गेले, हाताचा ताठरपणा राहिला. मग मी मोठे कागद कपाटात ठेवून दिले आणि पोस्टकार्डाएवढे साठ तुकडे कापले. रंग एकच, बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी. एका तुकड्याला पंधरा मिनिटं, आणि एकदा ठेवलेल्या ब्रशाच्या फटकाऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही. समोर टेबलावर जे असेल ते, म्हणजे अर्धा भरलेला पेला, घडी घातलेलं फडकं, रंगाची चेपलेली ट्यूब. पहिले वीस-बावीस तुकडे मला अजिबात आवडले नाहीत. नंतर एका दिवशी फडक्याची सावली ओली असतानाच पेल्याची सावली तिला जाऊन भिडली आणि दोन्ही मिळून एकच आकार झाला. एरवी मी धावत जाऊन त्यांना वेगळं केलं असतं. नियमच होता म्हणून हात मागे घेतला. वाळल्यावर बघते तर त्या तुकड्यात पेला होता, फडकं होतं आणि खोलीतला उजेडही होता. वर्षभर मी प्रत्येक वस्तूला तिची वेगळी कड देत बसले होते आणि त्यात उजेड मेला होता. साठातले पाच तुकडे मी जपून ठेवले. त्यातला हा एक.

तुमच्यासाठी रंग वेगळा घ्या, विषय वेगळा घ्या, पण ओला रस्ता सहा महिने तरी नको.

कागद फाडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. काम करून उठल्यावर आपण कागदावरचं चित्र बघत नसतो, डोक्यातल्या चित्रापेक्षा ते किती कमी पडलं एवढंच बघत असतो. त्या हेतूचा विसर पडायला वेळ लागतो. मला साधारण वर्ष लागतं. मी बिघडलेल्या चित्राच्या मागे तारीख टाकते आणि ते खणात ठेवते. एकदा खण आवरताना एक पान हाती आलं, मागे स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं, "आभाळ वाया गेलं". त्या आभाळात ओल्या वॉशवर जास्तीचं पाणी पडून फुलकोबीसारखा डाग उमटला होता. त्या दिवशी मला निरभ्र संध्याकाळ हवी होती, म्हणून तो डाग खुपला. आता मला कुठलीच संध्याकाळ नको होती, आणि समोर वळवाच्या आधीचं आभाळ होतं. ते मी आजवर विकलेलं नाही.

उलटंही तितकंच घडतं. भरभरून काम झालेल्या रात्री चित्र ओलं असतं, चमकत असतं, आपण खुशीत झोपतो. सकाळी तेच फिकट आणि बसकं दिसतं, कारण जलरंग वाळला की हलका होतो. तेव्हा चांगल्या दिवसाचा निकालही त्याच रात्री लावू नये.

जॉन सेल कॉटमन या इंग्रज चित्रकाराची आठवण मला अशा वेळी येते. वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, १८०५च्या सुमारास, त्याने ग्रीटा नदीवरच्या पुलाचं जलरंगातलं चित्र केलं. सपाट, शांत, एकाला एक लागून बसवलेले वॉश, जणू रंगीत कागद कापून ठेवलेत. १८०६ मध्ये लंडनच्या जलरंग चित्रकारांच्या संस्थेत प्रवेश मिळवायचा त्याचा प्रयत्न फसला आणि तो आपल्या गावी नॉर्विचला परतला. पुढे चित्रकला शिकवून पोट भरलं, खिन्नतेचे दीर्घ काळ सोसले. पन्नाशीच्या सुमारास त्याने रंगात खळीसारखा चिकट पदार्थ मिसळून दाट, वेगळीच जलरंगचित्रं करायला घेतली. ग्रीटाच्या पुलाची किंमत लोकांना पुरती कळली ती विसाव्या शतकात. मला त्याच्या कीर्तीपेक्षा ती पन्नाशीतली खळ जास्त महत्त्वाची वाटते. जे चित्र साधलं होतं, ते तो पुन्हा करत बसला नाही.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी एकांनी माझं गुलाबी फुलांचं चित्र विकत घेतलं. परवा त्यांनी फोटो पाठवला. फुलं जवळजवळ पांढरी झाली आहेत, पानं मात्र तशीच. तेव्हापासून ब्रश उचलताना लाज वाटते. मी लोकांना फसवते आहे का?

उत्तर : फसवणूक नव्हे, पण माहिती करून घ्यायला हवी होती, आणि आता करून घ्या. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो. दुकानातलं नाव बाजूला ठेवून तो वाचा. अलिझरिन क्रिमझन म्हणजे पीआर ८३, हा पातळ वॉशमध्ये उजेडाने उडतो. 'ऑपेरा' नावाने मिळणारा झगझगीत गुलाबी त्याहून नाजूक, त्याची झळाळी बहुधा फ्लुओरेसंट रंजकामुळे असते आणि तीच आधी जाते. त्यांच्या जागी पीव्ही १९, म्हणजे क्विनाक्रिडोन रोझ घ्या. तो पुष्कळच टिकाऊ आहे.

ही काळजी जुनी आहे. १८८८ साली रसेल आणि ॲबनी या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा अहवाल दिला. हवा आणि ओल काढून घेतलेल्या नळ्यांत ठेवलेले बहुतेक रंग उजेडातही टिकले होते. उजेड, हवा आणि ओल एकत्र आली की रंग उडतो. संग्रहालयात जलरंगचित्रं साधारण ५० लक्स एवढ्या मंद उजेडात लावतात ती याचसाठी. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०२ मध्ये जलरंगात केलेला ससा व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. मूळ चित्र क्वचितच, थोड्या काळासाठी बाहेर काढतात, एरवी ते अंधारात असतं. तेव्हा चित्र देताना सांगत चला, की समोरासमोर ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. अतिनील किरण अडवणाऱ्या काचेने रंग उडायचा वेग कमी होतो, पण थांबत नाही.

आपल्याकडचे सगळे रंग एका कागदावर पट्ट्यांनी ओढा, अर्धा कागद जाड पुठ्ठ्याने झाका आणि तीन महिने उन्हाच्या खिडकीत लावा. माझ्या अशा पहिल्या कागदावर दोन पट्ट्या पुठ्ठ्याखाली होत्या आणि बाहेर नव्हत्याच. त्यातला एक माझा सगळ्यात लाडका जांभळा होता. फार वाईट वाटलं, पण त्या दिवसापासून तो पॅलेटवर नाही.

आणि ज्यांनी चित्र घेतलं त्यांना तुमच्याकडून कळू द्या, की रंगाची निवड चुकली होती. टिकाऊ रंगात दुसरं चित्र करून द्या. ते तसंच होणार नाही, हेही आधी सांगा.

प्रश्न : वय अडुसष्ट. दोन वर्षांपासून उजवा हात थरथरतो. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. फांद्या, तारा, गवत या बारीक रेषांसाठी लोक मला ओळखायचे. आता सरळ रेष येत नाही. थांबावं असं वाटतं. नुकतंच केलेलं फांदीचं एक चित्र सोबत पाठवतो आहे.

उत्तर : काका, तुमचं चित्र दोन आठवडे माझ्या टेबलासमोर लावून ठेवलं आहे.

सेझान या फ्रेंच चित्रकाराची अखेरच्या वर्षांतली जलरंगचित्रं जमेल तेव्हा बघा. तो १९०६ मध्ये गेला. त्या चित्रांत कागदाचा मोठा भाग कोराच आहे आणि एकेका कडेला पेन्सिलीच्या तीन-तीन, चार-चार तुटक रेषा आहेत. त्याचा हात थरथरत होता म्हणून नव्हे, त्याला कड एका जागी दिसत नव्हती म्हणून. पण त्या रेषांमुळे झाड स्थिर वाटत नाही, वाऱ्यात उभं असल्यासारखं वाटतं.

हाताचं म्हणाल तर बारीक ब्रश काही दिवस ठेवून द्या. मोठा, पाणी धरणारा मॉप ब्रश घ्या, दांडा टोकाकडे धरा आणि उभं राहून खांद्यातून हात फिरवा. मनगटाची थरथर मोठ्या फटक्यात पुष्कळशी विरते. कागद आधी पूर्ण ओला केलात तर कड पाणीच ठरवतं, तिथे हात सरळ असण्याची गरज पडत नाही. अगदी रेषच हवी असेल तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं ठेवून वर एक पट्टी आडवी टाका आणि तिच्यावर हात टेकवा. तरीही थरथर राहील, तेवढी राहू द्या.

तुमच्या फांदीत उजवीकडचा भाग पट्टी धरल्यासारखा आला आहे. तिथे तुम्ही श्वास रोखून काढलं असणार. डावीकडे, जिथे दमून हात सैल सुटला आहे, तिथल्या दोन डहाळ्या मला या चित्रात सगळ्यात जिवंत वाटल्या. त्यांच्यावर नंतर गडद रेष ओढून त्या सरळ करायचा प्रयत्न दिसतो आहे. पुढच्या वेळी ती दुसरी रेष ओढू नका, आणि चित्र वाळल्यावर मला पाठवा.