जुन्या 26 इंची एमटीबीला 27.5 किंवा 29 ची चाकं बसवता येतात का?

तुमची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक 2011 ची, ॲल्युमिनियम फ्रेमची, पुढे-मागे व्ही-ब्रेक (रिमच्या कडेला रबर दाबणारे), डिस्क ब्रेक लावायला फ्रेमवर जागाच नाही. ग्रुपमधले सगळे 29 इंची चाकांवर गेले, तुम्ही मागे पडता, म्हणून 27.5 ची चाकं टाकून भागेल का आणि खर्च किती येईल, असं विचारलंय.

नाही भागणार. व्ही-ब्रेक म्हटल्यावर विषय संपला. 26 च्या रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास 559 मिलिमीटर, 27.5 चा 584, आणि 29 चा 622. म्हणजे नावात दीड इंचाचा फरक दिसत असला तरी 26 आणि 27.5 मधला खरा फरक 25 मिलिमीटरचा, त्रिज्येत साडेबारा. पण व्ही-ब्रेक ज्यावर बसतात ते खुंट फ्रेमला वेल्ड केलेले असतात, ते 559 च्या हिशोबाने. ब्रेकचं रबर त्याच्या खाचेत वर सरकवून काही मिलिमीटर मिळतात, साडेबारा बहुतेक वेळा मिळत नाहीत. ओढूनताणून बसवलं तर रबराची वरची कड टायरला घासते किंवा खालची अर्धी रिमच्या बाहेर राहते. 29 ला तर साडेएकतीसचा फरक, तिथे बोलायलाच नको. खुंट वर सरकवणाऱ्या पट्ट्या मिळतात, पण जोरात ब्रेक दाबला की त्या वाकतात. घाट उतरताना मी त्यांच्या भरवशावर बसणार नाही.

इथेच थांबलो असतो. पण ‘मागे पडतो म्हणून चाकं बदलायची’ हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या मेव्हण्याच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकतोय.

मी साताऱ्याचा. सायकल 26 चीच, तुमच्यापेक्षा थोडी नशीबवान, कारण तिला दोन्हीकडे डिस्क आहेत. साधे, तारेवर चालणारे. हब (चाकाचा मधला भाग, ज्यातून एक्सल जातो) जुन्या मापाचे, पुढे 100 मिलिमीटर, मागे 135, क्विक रिलीज, म्हणजे खटका ओढून चाक निघतं. फिरणं म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून कासकडे, नाहीतर खाली वाईच्या बाजूला. मेव्हणा पुण्यात असतो. आधी त्याच्याकडे 27.5 होती, मग 29 आली, आणि एका दिवाळीला तो जुन्या 27.5 ची चाकं डिकीत घालून आमच्या दारात. “दाजी, फुकट देतोय. आता तरी सव्वीस काढा. सव्वीसचा जमाना गेला.” बायकोने चाकं बघून एवढंच विचारलं, “ही माळ्यावर जाणार नाहीत ना?”

डिस्कला रिमचा व्यास किती याच्याशी देणंघेणं नाही, डिस्क म्हणजे ब्रेकची चकती हबवर असते. त्यामुळे चाकं अर्ध्या तासात लागली. चकतीला पकडणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, ब्रेक दाबून धरून पुन्हा आवळले, झालं. पुढचं चाक 2.25 इंच रुंद टायरसकट आरामात फिरलं. मागचं अडकलं. पायडलच्या एक्सलजवळ, जिथे फ्रेमचे खालचे दोन पाइप एकमेकांजवळ येतात, तिथे टायरचे दात घासायला लागले. मेव्हणा हरणारा नाही. त्याने त्याच्याकडचा 1.95 चा टायर चढवला. आता दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर उरले. कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, “बघा, बसली की नाही?”

बसली. कोरड्या रस्त्यावर, सरळ जाताना, चाकाला आऊट (वाकडेपणा) नसताना बसली. पावसाळ्यात कासचा लाल चिखल ज्याने पाहिलाय त्याला तीन मिलिमीटरचा अर्थ सांगावा लागत नाही. तो चिखल टायरला चिकटून वर येतो, फटीत दाबला जातो, आणि बारीक खडे ॲल्युमिनियमला पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. शिवाय चाकाला थोडा जरी आऊट आला तरी टायर थेट फ्रेमवर. मी टायरच्या कडेला आणि फ्रेममध्ये सहा मिलिमीटर धरतो, चिखलाची सायकल असेल तर आणखी.

पण खरी गोष्ट पुढच्या चाकाची, जे आम्हाला एकदम ठीक वाटलं होतं. आमच्याकडे एक सायकलवाले मामा आहेत. रेंजर सायकली आल्या तेव्हापासून चाकं विणतात. त्यांच्याकडे सायकल नेली, तर त्यांनी चाक फिरवूनसुद्धा पाहिलं नाही. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या, स्प्रिंगवर दबणाऱ्या दांड्यांची) वरची टोपी उघडली, आतली स्प्रिंग बाहेर काढली आणि हँडलवर सगळं वजन टाकून फोर्क खाली दाबला. फोर्क पूर्ण बसायला चारेक मिलिमीटर बाकी असताना टायर वरच्या क्राउनला, म्हणजे फोर्कचे दोन पाय जिथे जोडलेले असतात तिथे, टेकला.

मेव्हणा म्हणाला, “चार मिलिमीटर! तेवढा फोर्क दाबला जातो तरी कधी?”

मामा म्हणाले, “खड्ड्यात.”

यापेक्षा नेमकं उत्तर मी देऊ शकत नाही. उतारावर वेगात असताना फोर्क तळाला गेला आणि टायर क्राउनला लागला तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून कुणी ‘माझ्या 26 च्या फोर्कमध्ये 27.5 सहज फिरतं’ असं सांगितलं, तर त्याला एकच विचारा: स्प्रिंग काढून दाबून बघितलं का? हवेचा फोर्क असेल तर सगळी हवा सोडून. पूर्ण दाबल्यावरही टायरच्या वर पाच-सहा मिलिमीटर उरले पाहिजेत.

त्या संध्याकाळी जेवताना वाद झाला तो झालाच. मेव्हण्याचं म्हणणं, जग मूर्ख आहे का? 2012 मध्ये सायकलपटू निनो शुर्टरने दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला 27.5 वर माउंटन बाइकची वर्ल्ड कप रेस जिंकली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. बरोबर आहे. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये याच शुर्टरला यारोस्लाव्ह कुल्हावीने 29 वर बसून एका सेकंदाने हरवलं, हेही बरोबर आहे. आणि त्याआधी अथेन्स आणि बीजिंग, दोन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदकं ज्युलियन ॲब्सलॉनने 26 वर नेली. मग चाक जिंकलं की माणूस? मोठं चाक दगडधोंड्यांवरून सहज जातं, हे मी नाकारत नाही. खडकाळ उतारावर 29 चा फायदा खरा आहे. पण तो फायदा त्या चाकासाठी बनवलेल्या फ्रेमवर मिळतो. तिथे पायडलची उंची, हँडलचा कोन, मागच्या पाइपांची लांबी हे सगळं त्या चाकाच्या हिशोबाने आखलेलं असतं. जुन्या फ्रेममध्ये मोठं चाक कोंबलं की पायडल बारा मिलिमीटर वर जातात, उभं राहायला जागा कमी होते, छोटी फ्रेम असेल तर वळताना बूट पुढच्या टायरला लागायचीही शक्यता वाढते.

आणि 29, 29 म्हणून काय नाचायचं? माझ्या वडिलांची काळी सायकल, 28 बाय दीडच्या टायरची, दूधवाल्यांकडे अजून दिसते तीच, तिची रिम 635 ची आहे. मेव्हण्याच्या 622 पेक्षा तेरा मिलिमीटर मोठी. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो फोनवर शोधायला लागला. मग गप्प जेवला.

पुढे मी काय केलं ते सांगतो, कारण डिस्कवाल्यांना उपयोगी पडेल. मामांकडून नवीन हबवर 622 च्या रिमची वेगळी जोडी विणून घेतली, 32 भोकांची, आणि त्यावर 700 बाय 28 चे रोडचे टायर (622 च्याच रिमवर बसणारे, 28 मिलिमीटर रुंद). गंमत अशी की 26 बाय 2.35 चा टायर बाहेरून साधारण 679 मिलिमीटर भरतो आणि 700 बाय 28 चा 678. म्हणजे जाड टायर चालणाऱ्या 26 च्या फोर्कमध्ये हे बारीक टायरचं मोठं चाक उंचीला तेवढंच होतं आणि रुंदीला निम्मं. मागच्या पाइपांत ऐसपैस फिरतं. मामांनी पुन्हा स्प्रिंग काढून दाबून दाखवलं, सहा मिलिमीटर उरले. तारा मात्र तीसेक मिलिमीटर लांब लागतात, जुन्या चालत नाहीत. डांबरी रस्त्याला ही जोडी, चिखलाला जुनी 26 ची. जुन्या सायकलीवर चाक मोठं करायचा एवढा एकच प्रकार मला पटलेला आहे.

त्याने मी वेगवान झालो का? सपाटीला थोडा. घाटात मेव्हण्याच्या मागे पूर्वी पडायचो तेवढाच पडतो. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे आणि त्याच्या पोटावर माझ्याएवढा संसार नाही. ग्रुपमध्ये मागे पडणाऱ्या प्रत्येकाने आधी आपले टायर बघावेत. माझा अंदाज, तुमच्या सायकलीवर जाड दातांचे 2.1 किंवा 1.95 चे टायर आहेत, त्यात अंगठ्याने दाबले जातील एवढीच हवा आहे, आणि तुम्ही ऐंशी टक्के वेळ डांबरावर असता. 26 बाय 1.5 चे गुळगुळीत टायर टाका आणि टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत राहून हवा नीट भरा. फ्रेमला, ब्रेकला, फोर्कला हात लावायचा नाही. चाकाचा घेर कमी होत असल्यामुळे चढाला गिअर पाचेक टक्के हलका पडतो, वर ते फुकट. 27.5 ने उलट चार टक्के जड पडला असता.

खर्चाचं विचारलंत. रिम, तारा, टायर, ट्यूब, मजुरी अशी बेरीज तुमच्या गावच्या दुकानात करून बघा. डिस्कसाठी फोर्क बदलायचा म्हणालात तर तोही धरा. ती रक्कम तुमच्या सायकलीच्या आजच्या किमतीच्या वर गेली नाही तर मला सांगा. तेवढ्या पैशांत वापरलेली, धड 29 मिळत असेल तर तीच घ्या; हे वाक्य मेव्हण्याला दाखवू नये.

काही गोष्टी राहिल्या. नवीन 27.5 आणि 29 ची बरीच तयार चाकं जाड एक्सलची असतात, मागे 142 किंवा 148, ती तुमच्या 135 च्या फ्रेममध्ये जाणारच नाहीत, स्वस्त दिसली म्हणून उचलू नका. फक्त पुढचं चाक 27.5 करायचं डोक्यात असेल तर ब्रेकची अडचण तीच, वर हँडलचा कोन अर्ध्या अंशाहून जास्त बदलतो आणि चढाला पुढचं चाक भरकटल्यासारखं वाटतं. तुमच्या पुढच्या गिअरला 22 दात आणि मागे 34 असतील तर तुमचा गिअर आधीच पुरेसा हलका आहे, माझा चार-पाच टक्क्यांचा हिशोब विसरा, तुम्हाला चढाला काही फरक पडणार नाही. आणि बारीक टायरने वळताना आतलं पायडल वर ठेवा, पायडल पंधरा मिलिमीटर खाली आलेलं असतं.

शेवटचं, पण टायर घ्यायच्या आधी करायचं. इतकी वर्षं व्ही-ब्रेकवर चाललेल्या रिमची कड रबराने खाल्लेली असते. जिथे रबर टेकतं तिथे नख आडवं फिरवा. खोलगट लागलं तर ती रिम जास्त हवेला फाटू शकते. आधी रिम बदला, 559 चीच, आणि मग टायर.