नकाशात जागा मोकळी ठेव

अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरच्या जुन्या तळ्यांचा तुझा नकाशा बघितला. काम नेटकं झालंय, पण अडचण तिथंच आहे. असा रंगीत, पुरा झालेला नकाशा लोक बघतील, छान म्हणतील नि पुढं जातील. पेठेतल्या माणसाला बोलतं करायचं तर त्याला दुरुस्त करायला काहीतरी ठेव. आजचे रस्ते तेवढे काढ, तळी काढू नकोस. कपिलतीर्थ मंडईच्या जागचं तळं, गांधी मैदानाचं वरुणतीर्थ, शाहू स्टेडियमच्या जागचा रावणेश्वर, यांच्या कडा लोकांनाच काढू दे. स्वतः पाहिलेलं निळ्या पेनानं, घरात ऐकलेलं पेन्सिलीनं. दोघं म्हातारे कडेवरनं भांडायला लागले तर मध्ये पडू नकोस, दोन्ही रेघा राहू देत.

हे सगळं सभागृहात नको, तालमीच्या कट्ट्यावर कर. 'जुन्या पाण्याबद्दल सांगा' म्हटलं की लोक गप्प होतात. 'पोहायला कुठं शिकलात?' एवढंच विचार. रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा घाट, सगळं आपोआप निघेल. पण कट्ट्यावर पुरुषच भेटतील. बायकांकडं दुपारी जा. धुणं कुठं व्हायचं ते विचार, आणि आषाढात पंचगंगेचं नवं पाणी टेकडीवरच्या टेंबलाई देवीला कुठल्या वाटेनं नेतात तेही. 'पी ढबाक' वाद्यांच्या तालावर त्या पाण्याचे कलश कुठल्या गल्लीतनं कुठं वळतात, ती प्रत्येक पेठेची वाट काढलीस तर नदीपासनं टेकडीपर्यंतचा जो नकाशा होईल, तसा दुसरा मी तरी पाहिलेला नाही. माझ्या मते तुझ्या कामातलं खरं सोनं इथं आहे.

मुलांसाठी नवा खेळ कशाला शोधतोस? गांधी मैदानावर 'डोंगर का पाणी' खेळव. इथं खरंच तळं होतं, हे डाव संपल्यावर सांग; आधी सांगितलंस तर इतिहासाचा तास होईल. (पावसाळ्यात तिथं अजूनही पाणी तुंबतं, त्यामुळं कुणी फार चकित होणार नाही म्हणा.)

पूर मात्र खेळात आणू नकोस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, हे इथं पोरांनाही पाठ असतं. पण २०१९ नि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या आठवणीवर सापशिडीचे फासे टाकायचे नसतात. भिंतीवरची खूण त्यांनी आपणहून दाखवली तर विचारून नोंदव.

पहिला कागद शिवाजी पेठेत लाव. तिथं आधी तुलाच चार प्रश्न विचारतील, तयारीनं जा.

तुझा,
काका